नाथाचा डावा खांदा

निंबाच्या वाडीच्या जोतीराम गुरवाने भैरवनाथाला तीस वर्षं रोज आंघोळ घातली आणि एकदाही हात जोडले नाहीत. गावात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण पूजा चालू असताना त्याचे हात मोकळे असे कधी नसायचेच. आधी हातात तांब्या, मग फडकं. ते झालं की शेंदूर, शेंदूर झाला की नगारा. ध्यानात आलं ते त्याच्या बायकोच्या, सारजाच्या, आणि तेही लग्नाला बारा वर्षं झाल्यावर.

"तुमी देवाला हात जोडल्यालं म्या कवा बगितलं न्हाय," ती भाकरी थापता थापता म्हणाली.

जोतीरामने जरा आठवून पाहिलं. "मला बी आठवत न्हाय," असं म्हणून त्याने कालवणात भाकरी कुस्करली.

आता कुणी म्हणेल, गुरव नास्तिक होता. तसंही नाही. नास्तिक माणसाचं देवाशी निदान भांडण तरी असतं. जोतीरामचं तेवढंही नव्हतं. बाप वारला, सुतक फिटलं, आणि तेराव्या वर्षी त्याच्या हातात तांब्या आला. सुताराच्या पोराच्या हातात वाकस येतो तसा तो आला. एकदा बारामतीहून आलेल्या एका शाळामास्तराने देवळाच्या पायरीवर बसून त्याला विचारलं, "काय गुरवबुवा, देव आहे का हो खरंच?" तर जोतीराम म्हणाला, "मला काय म्हाईत? मला त्येला आंगूळ घालायची आस्ती." मास्तर खूप हसला आणि गुरव मोठा बेरकी आहे असं चार ठिकाणी सांगत सुटला. जोतीरामने चेष्टा केलीच नव्हती.

वाडी काटेवाडीच्या पुढं, इंदापूरच्या रस्त्याला. पाटाचं पाणी, ऊस, केळी, वांगी. खाऊनपिऊन सुखी गाव. आणि सुखी गावाला देवाला विचारायचं फार असतं. मुलगी या घरी द्यावी का, विहीर इथं पाडावी का, हा बैल घ्यावा का. त्यासाठी कौल लावायचा. म्हणजे गुरवाने कण्हेरीच्या दोन कळ्या घ्यायच्या, पाण्यात बुडवायच्या आणि मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवायची. देवाच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार. डाव्या खांद्यावरची पडली तर नकार, मग पुढं बोलायचं नाही.

निंबाच्या वाडीचा नाथ कडक म्हणून नावाजलेला होता. दहा वेळा विचारलं तर आठ वेळा डावीच द्यायचा. त्यामुळं त्याच्या होकाराला फार किंमत होती. इंदापूरची माणसं बैलगाडीने यायची आणि उजवी मिळाली की गूळ वाटत परत जायची. जोतीराम कळ्या चिकटवायचा, बाजूला उभा राहायचा आणि पडेल ती सांगायचा. त्यात आपलं काही आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

भिमा त्याचा लहानपणचा सोबती. त्याचा ऊस देवळाच्या मागच्या अंगालाच होता. घरात आई धोंडाबाई, बायको रंगूबाई आणि आठ वर्षांची पोर विजयमाला. रंगूबाई हसरी बाई. सारजाला ताप आला होता तेव्हा महिनाभर ती रोज सकाळी दुधाचा तांब्या घेऊन यायची आणि सारजाचं उष्टं-खरकटंही काढून जायची.

त्रेपन्न सालच्या श्रावणात उसाचं पाचट काढताना रंगूबाईला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पान लागलेल्या माणसाला नाथाच्या देवळात आणून निजवायचं, अंगारा लावायचा, कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा, हा वाडीचा रिवाज. नाथाची सत्ता गावच्या शिवेपर्यंत. म्हणून नाथाने उजवी दिल्याशिवाय त्या माणसाला शिवेबाहेर न्यायचं नाही. नेलं तर वाटेतच जाणार, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

भिमाने बायकोला सभामंडपात ठेवलं आणि बारामतीच्या डॉक्टरकडं नेऊ का, असं विचारायला सांगितलं. जोतीरामने कळ्या लावल्या. डावी पडली. थोड्या वेळाने पुन्हा लावल्या. डावी. तिसऱ्यांदाही डावीच. दिवस मावळायच्या आत रंगूबाई गेली.

भिमा रडला, मग उठून नाथाच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "तुजी मर्जी." बाहेर आल्यावर त्यानेच जोतीरामच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तू तरी काय करणार, जोती."

दुसऱ्या दिवशी शेंदूर चढवताना जोतीरामला नेहमीचं फडकं सापडेना. त्याने तळहातानेच शेंदूर लावायला घेतला. देवाच्या उजव्या खांद्यावर हात टेकला तर तिथं तेल-शेंदराचा बोटभर जाड, चिकट थर. डाव्या खांद्यावर टेकला तर नुसता दगड. घाटाच्या पायरीसारखा गुळगुळीत. जोतीराम तसाच उभा राहिला. तो देवाकडं तोंड करून उभा राहायचा, म्हणजे त्याच्या उजव्या हाताला देवाचा डावा खांदा यायचा. तीस वर्षं तो उजव्या हातानेच पाणी ओतत होता आणि उजव्या हातानेच चोळत होता. जवळचा खांदा घासून लख्ख होत होता आणि लांबच्या खांद्यावर थर साचत होता. थरावर कळी चिकटून राहायची, दगडावरून घसरायची.

त्याने दार लोटून घेतलं आणि कण्हेरीच्या कळ्या लावून पाहिल्या. दहा वेळा लावल्या. नऊ वेळा डावी पडली.

त्या गाभाऱ्यात जोतीरामला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली. देवाची नव्हे, स्वतःच्या हाताची. न झालेली लग्नं त्याला आठवली, न पाडलेल्या विहिरी आठवल्या, आणि मग सारजाच्या उशाशी ठेवलेला दुधाचा तांब्या आठवला.

सारजाला त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "भिमाभावजींना सांगा."

"सांगतो," जोतीराम म्हणाला. पण सांगितलं नाही. आज नको, दिवस घालू दे. दिवस झाले, आता सुगी होऊ दे. अशी चार वर्षं गेली. भित्रेपणाला कारणं लागतात आणि ती शेतकऱ्याच्या घरी कधी कमी पडत नाहीत.

मात्र पूजा बदलली. उजव्या खांद्यावरचा थर त्याने नखानखाने खरवडला. आता तो अर्धं पाणी उजव्या हाताने घालायचा, अर्धं डाव्या. शेंदूर दोन्ही खांद्यांना बोटाने मापून सारखा लावायचा. पूर्वी पूजेला जेवढा वेळ लागायचा त्याच्या दुप्पट लागू लागला. मानसिंगराव पाटील कौतुकाने म्हणाले, "गुरवाला वय झाल्यावर भक्ती सुचली." नाथ आता निम्म्या वेळा उजवी देऊ लागला, तेव्हा इंदापूरकरांनी नाथ मऊ पडला म्हणून यायचंच सोडलं.

जोतीरामला मात्र हलकं वाटत नव्हतं. आधी कळी पडायची आणि तो सांगायचा. आता कळी पडायच्या आधी त्याच्या छातीत धडधडायचं. देव आहे की नाही, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं. फरक एवढाच, की पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही आणि आता वाटायचं. पाणी घालता घालता तो नाथाच्या तोंडाकडं बघायला लागला होता.

सत्तावन्न साली भाद्रपदात, ऐन दुपारी, भिमा पोरीला खांद्यावर टाकून पळत देवळात आला. विजयमाला आता बारा वर्षांची झाली होती. बांधावर गवत कापताना तिला पान लागलं होतं. पोटरी सुजली होती, डोळे झाकायला लागले होते. मागोमाग धोंडाबाई आली, पाटील आले, निम्मं गाव आलं.

समोर रस्त्यावर केळी भरलेला एक ट्रक उभा होता, बारामतीला निघालेला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मी नेतो पोरीला, पण लगेच बसा. थांबता यायचं न्हाय."

"कौल झाल्याबिगर शिव वलांडायची न्हाय," धोंडाबाई म्हणाली आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसली, मूर्तीपासून दोन हातांवर.

भिमाने पोरीला सभामंडपात निजवलं. तो फक्त जोतीरामकडं बघत होता.

जोतीरामने मनाशी ठरवलं होतं. त्याने डाव्या खांद्यावरची कळी शेंदरात चांगली दाबली आणि उजव्या खांद्यावरची नुसती टेकवली. आता उजवीच पडणार. तो बाजूला झाला.

उजवी पडेना. चार वर्षं दोन्ही खांद्यांना मापून, निगुतीने चढवलेला शेंदूर तो. नुसती टेकवलेली कळीही त्याने धरून ठेवली. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. धोंडाबाई डोळ्याची पापणी न लववता कळ्यांकडं बघत होती, त्यामुळं बोटाने धक्का द्यायचीही सोय नव्हती. पोरीच्या तोंडातून फेस यायला लागला.

जोतीराम पुढं झाला. सगळ्यांच्या देखत त्याने दोन्ही कळ्या हाताने उपटल्या आणि खाली टाकल्या.

"भिमा, उचल पोरीला," तो म्हणाला. "ह्यो कौल देवाचा न्हाय. ह्यो माज्या हाताचा हाय."

"गुरवा, शुद्धीवर हायस का?" पाटील म्हणाले.

"हाय. माजा उजवा हात ह्या खांद्यावर पडायचा, म्हून हितला शेंदूर जायाचा, म्हून हितली कळी पडायची. तीस वर्सं आसंच चाललं. रंगूच्या येळंला बी आसंच झालं, भिमा. देवानं न्हाय अडवलं तिला. म्या अडवलं. उचल पोरीला."

भिमाचं तोंड राखेसारखं झालं होतं. मग त्याने पोरीला उचललं, आईकडं न बघता पायऱ्या उतरला आणि ट्रकमध्ये बसला. धोंडाबाईने मागून हाक मारली, पण तोवर ट्रक निघाला होता.

पोर वाचली. बारामतीला सुया दिल्या, तीन दिवस ती ग्लानीत होती, चौथ्या दिवशी तिने भाकरी मागितली.

गुरवाला आता गावातून काढतील, असं सारजाला वाटत होतं. तिने भांडी बांधायचीही तयारी केली. पण गाव फार हुशार असतं. पाटलांनी आठ दिवसांत सगळ्याचा उलगडा केला: नाथाला कौल द्यायला सवड नव्हती, म्हणून तो त्या दिवशी गुरवाच्या तोंडून बोलला. लोकांना ते पटलं. जोतीराम म्हणाला, मी इथून पुढं कळ्या लावणार नाही. तेव्हा त्याच्या चुलतभावाला, तात्याबाला, ते काम दिलं. कौल काही बंद झाला नाही. पूजा जोतीरामकडंच राहिली आणि बाया आता त्याच्या पाया पडायला लागल्या. त्याने किती सांगितलं तरी ऐकेनात.

एकटा भिमा देवळाकडं फिरकला नव्हता. पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, तो पोरीला घेऊन आला. विजयमाला अजून लंगडत होती. तिने नारळ ठेवला, डोकं टेकलं. भिमाने डोकं टेकलं नाही. तो खांबाला धरून उभा राहिला.

"विजे, तू भाईर पायरीवर बस," तो म्हणाला. ती गेल्यावर त्याने विचारलं, "जोती, एकच सांग. रंगूच्या येळंला तू कळ्या लावत व्हतास, तवा तुज्या मनात काय व्हतं?"

खोटं बोलायला जागा होती. मीही घाबरलो होतो, मीही नाथाला विनवत होतो, असं म्हटलं असतं तरी भिमाने ऐकून घेतलं असतं. कदाचित त्याला तेच हवं होतं.

"नगाऱ्याचं कातडं," जोतीराम म्हणाला. "दमट हवंनं सैल पडलं व्हतं. त्येचा इचार करत व्हतो."

"तितं माजी रंगू पडली व्हती."

"व्हय. मला काय बी वाटत नव्हतं, भिमा. देवाचं बी न्हाय आन्‌ तिचं बी न्हाय."

भिमाने मान हलवली. ऐकलं, एवढंच त्यात होतं. क्षमा नव्हती. जोतीरामने अंगाऱ्याची वाटी पुढं केली, ती त्याने घेतली नाही. तो बाहेर आला, पोरीचा हात धरला आणि दोघं उसाच्या बांधाने निघाली, पोरीच्या लंगड्या पायाला जमेल तशी हळू.

जोतीराम गाभाऱ्यातून निघून देवळाच्या दारात आला. त्याने हातातली वाटी उंबऱ्यावर ठेवली. दूध घेऊन आलेली सारजा पायऱ्यांच्या खाली उभी होती. तिने पाहिलं, आपल्या नवऱ्याने दोन्ही हात जोडले आहेत. नाथाकडं त्याची पाठ होती.

बांधावरून विजयमालाने सहज मागं वळून पाहिलं. गुरवकाका आपल्यालाच निरोप देतायत असं तिला वाटलं. बापाच्या हातातला हात सोडवून तिनेही हात जोडले आणि मग पुन्हा त्याचं बोट धरलं. भिमाने मागं वळून पाहिलं नाही.