हैदराबादकडं कुठंतरी

खंडेनवमीच्या सकाळी नातीनं लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवलं. मी विचारलं, "अगं, पूजा सर्व्हरची ना? मग तो कुठाय?"

"आजी, तो भाड्याचा. हैदराबादकडं कुठंतरी असेल."

असेल! एका मसालेवाल्यांच्या साऱ्या ऑर्डरी त्यावर येतात, दसऱ्याची गर्दी तोंडावर, आणि सांभाळणारीलाच पत्ता ठाऊक नाही. आमच्या कचेरीतल्या सर्व्हरपुढं मी चपला काढून जायची. पहिल्याच खंडेनवमीला मी शहाणीनं त्याला असा घसघशीत हार घातला की पंख्याची जाळीच बुजली. तापून तो बंद पडला, तर मी साहेबांना म्हणते कशी, "सणाची विश्रांती घेतोय!" पण हात लावला की कळायचं तरी, तापलाय.

नातीनं लॅपटॉपवरूनच तिच्या सर्व्हरवर दुरुस्ती चढवली होती. आता सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा होता. तिनं बटण दाबलं. पडद्यावरचा हिरवा ठिपका करडा झाला.

"नाही उठला तर?"

"तर माझं काही खरं नाही," म्हणत ती नखं खाऊ लागली.

ना घरघर, ना ऊब. काळजी करायची तरी कोणत्या दिशेला तोंड करून?

ठिपका हिरवा झाला. नात ओरडली, "आला गं बाई!"

"तोच आला की दुसरा?"

ती हसली, मग थबकली. "तोच असेल असं नाही, आजी. त्यांच्याकडं जे यंत्र रिकामं असेल, त्यावर आपलं काम पुन्हा सुरू होतं."

"मग इतका वेळ आपण वाट कुणाची पाहिली गं?"