जागेअभावी

वर्तमानपत्रावर आमच्या समोरच्या काकांइतकं एकतर्फी प्रेम करणारा माणूस अख्ख्या मुलुंडात झाला नसेल. आणि मुलुंडात म्हणजे पूर्व-पश्चिम दोन्ही धरून. त्यांचं दार माझ्या दारासमोर, म्हणून ते समोरचे काका. लोक पेपर पहिल्या पानापासून वाचतात, काहीजण शेवटच्या पानावरच्या क्रिकेटपासून. काका वाचकांच्या पत्रांपासून सुरुवात करायचे, तीही मोठ्याने, खालच्या नावागावासकट. सरकार पडलंय की राहिलंय ते मग सावकाश बघायचे. "बातमी काय रे, घडली की येतेच. माणसांचं त्यावर म्हणणं काय, ते कळायला नको?" स्वतःचं म्हणणं ते दर आठवड्याला कार्बन लावून दोन प्रतींत लिहायचे. एक पेपरला, एक फायलीत. त्यातलं एकही पत्र कधी छापून आलं नाही. दुसऱ्या पेपरला पाठवून बघा, असं मीसुद्धा त्यांना सुचवलं होतं. त्यावर ते दुखावून म्हणाले, "घरी येतो तो पेपर आपला. घरातली गोष्ट शेजारी जाऊन सांगायची का?"

नोकरीभर ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. त्यामुळे मोजल्याशिवाय तक्रार करणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटे. कोपऱ्यावरच्या बागेतली घसरगुंडी पोरांना फार उंचावरून खाली सोडते असं कुणी म्हणालं, तर काका फूटपट्टी घेऊन गेले. पट्टीने समाधान होईना, म्हणून साठी उलटलेला हा माणूस स्वतः वर चढला आणि मधल्या वळणावर अडकला. खालून वॉचमन शिट्टी फुंकतोय, मागे पोरं ओरडताहेत, "ओ आजोबा, सरका ना पुढे!" आणि काका आतून विचारताहेत, "जरा किती वाजले ते सांगता का कुणी?" अडकल्याची वेळ त्यांना पत्रात अचूक द्यायची होती. एकदा त्यांना शंका आली की आपण पत्र टाकतो ती पेटी कुणी उघडतच नसावं. झालं, स्टूल घेऊन सकाळभर पेटीशेजारी बसले. पोस्टमन आला तेव्हा त्याला चहा पाजला आणि त्याच्या वक्तशीरपणाबद्दल अभिनंदनाचं पत्र लिहून, त्याच्याच हाती देऊन, पेपरला रवाना केलं.

हळूहळू बोलणंही पत्रासारखं झालं. जेवताना म्हणायचे, "गेले काही दिवस आमटीत मिठाचा तुटवडा जाणवत आहे. संबंधितांनी लक्ष घालावं." काकू ताटावरून मानही वर न करता म्हणायच्या, "जागेअभावी उत्तर देता येत नाही."

इथवर हसून सांगता येतं. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काकांची पत्रं ज्या टेबलावर यायची, त्या टेबलामागे मी बसायचो. सोसायटीत राहायला आलो तेव्हा मी जाहिरात खात्यात आहे असं सांगून टाकलं होतं. संपादकीयात आहे म्हटलं की लोक सत्यनारायणाचे फोटोसुद्धा आणून देतात. काकांचं पहिलं पत्र आलं ते मी लगेच ओळखलं. पत्र चांगलं होतं. शेजाऱ्याचं छापलं तर वशिला दिसेल असं मी स्वतःला समजावलं आणि ते बाजूला ठेवलं. खरं म्हणजे एक छापलं की पुढची पन्नास माझ्या दारात येतील, याची धास्ती होती. त्या संध्याकाळी काका कार्बनची प्रत घेऊन आले. मी पहिल्यांदाच वाचत असल्याचा चेहरा केला आणि म्हणालो, "छान जमलंय की काका." तो चेहरा मी पुढे एकोणीस वर्षं वापरला.

त्या न पाहिलेल्या पत्रवाल्या माणसाबद्दल काकांनी एक वाईट शब्द काढला असता, तर मला बरं वाटलं असतं. पण ते त्याची बाजू घ्यायचे. "अरे, तो एकटा माणूस. समोर एवढा ढीग. त्यात वरचे सांगणार, आज अर्धं पान जाहिरात आहे. करेल काय बिचारा?" दिवाळीला ते त्या विभागाला शुभेच्छापत्र पाठवत. ते मला ऑफिसात मिळायचं, आणि घरी आलो की काकूंच्या हातचा फराळ. एका दिवाळीत काकूंनी मला जिन्यात गाठलं. काका वर दार उघडत होते, म्हणून त्या दबक्या आवाजात बोलल्या. "तुझ्या ओळखीचं कुणी असेल ना रे तिथे? एक तरी छापून आणव. हे दाखवत नाहीत, पण रोज सकाळी आधी तेच पान उघडतात." मी म्हणालो, "काकू, ते खातं वेगळं असतं हो." त्या लगेच म्हणाल्या, "हो का, बरं बरं. ह्यांना सांगू नकोस मी विचारलं म्हणून." पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या. एक पत्र छापायला चार इंच जागा लागते.

मग पेपर बारीक होत गेला. आधी पत्रांचं पान अर्धं झालं, मग आठवड्यातून एकदा, मग बंद, आणि त्याच्या मागोमाग मीही घरी बसलो. पूर्वी आमच्या विंगमधल्या सोळाही दारांवर पेपर आपटल्याचे आवाज यायचे. आता दोनच येतात, एक काकांचा, एक माझा. माझ्या मुलीला बातम्या कानात येतात. ती अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ अंगठ्याने सरकवत जग संपवते, आणि मी पेपरातलं काही सांगायला गेलो की म्हणते, "बाबा, ते परवाचं झालं यार." तिनेच काकांना मोबाइल शिकवला. "आजोबा, आता संपादक-बिंपादक कोणी लागत नाही. तुम्हीच बोलायचं, तुम्हीच टाकायचं."

"म्हणजे मला अडवणारं कुणीच नाही?"

"कुणीच नाही!"

काका खूश होतील असं तिला वाटलं होतं. ते मोबाइल खाली ठेवत म्हणाले, "मग निवड कशी होणार गं?"

पण त्यांनी सुरू केलं. दर रविवारी तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून, इस्त्रीचा शर्ट घालून ते उभे राहतात आणि "माननीय संपादक, स. न. वि. वि." म्हणून सुरुवात करतात. शेवटी नाव, खोली क्रमांक, पिनकोडसकट पत्ता. मुलगी किंचाळली, "आजोबा, पत्ता काय देताय अख्ख्या जगाला!" काका शांतपणे म्हणाले, "निनावी पत्राची दखल घेत नाहीत, बाळा." पहिला व्हिडिओ सात वेळा पाहिला गेला. काकांना त्या सात जणांचे आभार मानायचे होते, म्हणून ते शोध घेत बसले. चार वेळा त्यांनी स्वतःच पाहिला होता, नीट गेलाय का म्हणून. दोनदा माझ्या मुलीने. सातवा कोण ते कळलं नाही. मी नव्हतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी ते बोलणं ऐकत होतो. मोबाइल बंद करून त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाले, "पूर्वी निदान पाकीट कुणाच्या तरी हातात पडायचं रे. आता कुठे पडतं काही कळत नाही." माझ्याच्याने पुढे राहवेना.

"काका, मी जाहिरात खात्यात नव्हतो."

"मग?"

"पत्रांचं पान मी बघायचो. तुमची सगळी पत्रं माझ्याकडेच यायची."

त्यांनी गॅस बारीक केला. पाठ माझ्याकडे होती. "तू?"

"हो."

"एवढी वर्षं?"

"हो काका."

चहा उतू जायला आला तेव्हा ते वळले. रागाची मी इतकी वर्षं तयारी केली होती, पण चेहऱ्यावर तो नव्हता. भीती होती, परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असते तशी. "छापलं नाहीस ते जाऊ दे. वाचायचास ना पण?"

"सगळी," मी म्हणालो. "अथपासून इतिपर्यंत."

"मग झालं तर!" काका एकदम हसले, डोळे पुसायला लागले. "ही म्हणायची, कुणी वाचत नाही हो तुमचं. मी म्हणायचो, वाचतो गं कुणीतरी. बघ, मी जिंकलो की नाही?"

खरं असं आहे की पहिल्या काही वर्षांनंतर मी पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच ढिगाखाली सरकवायचो. घसरगुंडीचं पत्र मला माहीत आहे ते त्यांनी घरी वाचून दाखवलं म्हणून. त्या दुपारी काकू हरल्या त्या माझ्या खोटेपणामुळे, आणि ते काकांना सांगायचं धाडस आता माझ्यात नाही.

हल्ली मी त्यांचं दर रविवारचं बोलणं शेवटच्या पिनकोडपर्यंत ऐकतो. बहुतेक वेळा ऐकणारा मी एकटाच असतो. ते आता माझी जास्तच काळजी घेतात. परवा जिन्यात भेटले, माझ्या जाड झालेल्या चष्म्याकडे बघत राहिले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझं अक्षर बारीक, त्यात एवढी पत्रं. फार त्रास झाला असेल रे तुझ्या डोळ्यांना."

"नाही हो काका," मी म्हणालो. "अजिबात नाही." त्यांची पत्रं वाचण्याबद्दल इतक्या वर्षांत त्यांच्याशी तेवढं एक मी खरं बोललो.