मान थोरलीचा

सरकारी दवाखान्याच्या लाँड्रीत थोरलीचा शब्द चालायचा. कुठला डाग गार पाण्यात सोडायचा, कुठला सोड्यात, बॉयलर रुसला की त्याला नेमकी कुठे लाथ घालायची, सगळं तिच्या हातात. धाकट्या दिराचं लग्न झालं तशी जावेला कामाला तिनेच चिकटवलं. साहेबाच्या दारात स्वतः ताटकळली. दोघींनी चादर कशी धरायची, एकदा फाडकन झटकायची, की लगेच टोकं जुळवत एकमेकींकडे चालत येऊन घडी घालायची, हेही तिनेच शिकवलं. ते ती विसरली नव्हती आणि दुसऱ्या कुणाला विसरूही देत नव्हती.

पुढे देशाचं कर्ज डोईजड झालं. बाहेरचे सावकार दारात येऊन बसले आणि सरकारने कात्री हातात घेतली. बसच्या फेऱ्या, म्हाताऱ्यांचं पेन्शन, शाळांचे मास्तर, दिसेल ते कापत सुटलं. दवाखान्यात हुकूम आला: लाँड्री बंद, रोग्यांनी चादरी घरून आणाव्यात.

सगळे गेटवर जमले. बोलायचं कुणी? मान थोरलीचा, यात शंका नव्हती. पण ती घसा खाकरेपर्यंत धाकटी कठड्यावर चढली होती.

"बाळंतिणीने पोर काखेत धरायचं की चादर?" धाकटीने विचारलं, आणि गेट दणाणलं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं तोफ. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं तेही त्याच दिवसापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने पेपर पुढे सरकवला. "बघ, घरचं माणूस पेपरात आलं."

"तुमच्या घरचं," थोरली म्हणाली. "आणि डोळे बघा कसे मिटलेत. झोपेत भाषण करते की काय?"

फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर आलं होतं. ते थोरलीचं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण तो पेपर रद्दीतही जाऊ दिला नाही.

मग अर्थखात्याच्या कचेरीवर मोठा मोर्चा ठरला. बाद चादरी जोडून थोरलीने भला थोरला फलक शिवला, त्यावर 'आम्हाला कापू नका' असं रंगवून घेतलं. पुढे तो धरायला दोघी जावाच, कारण एवढं कापड ताणून धरायची सवय दुसऱ्या कुणाला होती? मागे मास्तर, ड्रायव्हर, पेन्शनवाले, अख्खा रस्ता भरलेला.

कचेरीपुढचा चौक आला आणि वारा सुटला. कापड फुगलं आणि फाडकन वाजलं. तो आवाज कानात पडला मात्र, थोरलीचे हात आपसूक उठले, पाय आपसूक चालायला लागले. समोरून धाकटीही निघाली. दोघी टोकाला टोक लावून मोकळ्या झाल्या तेव्हा फलकाची इस्त्रीला न्यावी अशी चोख घडी झाली होती आणि कॅमेरेवाले तोंड वासून बघत होते.

मोर्चा हसायला लागला. थोरलीला धरणी फाटेल तर बरं असं झालं. धाकटीने मात्र कर्णा ओढून घेतला. "हसता काय? आमचं काम असं आहे. साहेबांनी खाली यावं, त्यांच्या हुकुमाचीही अशीच घडी घालून देतो."

टाळ्या थांबेनात. पाऊल आधी मी उचललं आणि टाळ्या हिने नेल्या. थोरलीने घडी छातीशी आवळली. तेवढ्यात पोलीस पुढे आले. फौजदार घामाघूम झालेला, कंटाळलेला. "सभा बेकायदा आहे. पुढारी कोण? त्याने गाडीत बसावं, बाकीच्यांनी घर गाठावं."

धाकटीने कर्णा खाली ठेवला आणि पाऊल उचललं. थोरलीने तिला कोपराने मागे सारलं.

"मी आहे पुढारी."

"ताई, काय हे? नोकरी जाईल तुमची."

"आणि तुझी राहील का?"

"माझी जाऊ द्या. तुम्ही घरी जा."

"हो, म्हणजे उद्या फोटो तुझा, आणि मी घरी बसून तो बघायचा."

"ताई, अहो, तुरुंगात नेतायत. सत्काराला नाही."

"कुठेही नेऊ देत. आधी कोण जाणार?"

फौजदाराने टोपी काढून कपाळ पुसलं. "बाई, तुमचं घरी बसून ठरवलं असतं तर बरं झालं असतं."

"ठरलेलंच आहे, साहेब. हिला कामाला लावलं कुणी? मी. फलक शिवला कुणी? मी. आणि आत्ता घडी घालायला आधी कोण निघालं, विचारा हिलाच."

धाकटीने भरल्या डोळ्यांनी थोरलीकडे बघितलं. खोटं बोलायची सोय नव्हती. "ताईच निघाल्या आधी," ती म्हणाली.

थोरलीच्या जिवाला थंडावा मिळाला. फलकाची घडी जावेच्या हातात कोंबून ती गाडीची पायरी चढली. मागून मोर्चाने एकच गर्जना केली. ती तोफेच्या नावाची होती.

गाडीत आधीच एक मास्तरीण पकडून बसवलेली होती. तिने हसून विचारलं, "तुम्ही तोफेच्या जाऊबाई ना?"

थोरली आधी बाकावर ऐसपैस बसली.

"मी नाही तिची कोणी," ती म्हणाली. "ती माझी धाकटी जाऊ आहे. सरका जरा."