पोवळ्याच्या माळेचा फासा

माळ सगळे पुढून बघतात, मी मागून बघते. अजूनही लग्नाच्या हॉलमध्ये पुढच्या खुर्चीवरच्या बाईच्या मानेकडेच माझे डोळे जातात. हूक आहे की फिरकी, गाठ कुठे लपवलीय, दोरा मळलाय का. नव्वदच्या आसपास आम्ही पनवेलला सिडकोच्या इमारतीत राहायला आलो, तेव्हापासूनची ही खोड. नवरा ऑफिसला गेला की मी ताटात मणी ओतायचे आणि माळा ओवत बसायचे.

आधी शिवणाचा दोरा वापरला. तो घामाने काळा पडला आणि तुटला. रेशमाला गाठ छान बसते, पण काचेच्या मण्यांच्या कडा त्याला कुरतडतात. तारेला एकदा मुरड पडली की ती जन्मात सरळ होत नाही. शेवटी तंगुसावर आले. तंगूस म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा. गावात जाळ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळायचा. मी त्यातला बारीक निवडत होते, तेव्हा गव्हाणची एक कोळीण शेजारी उभी होती. "तुला गो कशाला?" तिने विचारलं. माळेला, म्हटल्यावर ती हसत सुटली. "याला जिताडा तोडीत नाय, तुजे मनी काय तोडतील!"

मण्यांनी तो नाही तुटला, पण तंगूस गुळगुळीत, त्याची गाठ आपोआप सुटायची. मग गाठ मारून टोक उदबत्तीने वितळवायला शिकले. बोटं भाजली, पण दोऱ्याचा प्रश्न मिटला.

फाशाचा, म्हणजे माळेच्या मागच्या अडकवणीचा, प्रश्न कधीच मिटत नाही. दोरा माझ्या मनाचा, फासा मात्र घालणारीच्या हाताचा. कोणाची नखं लांब, कोणाचा खांदा धरलेला, कोणाला चष्म्याशिवाय दिसत नाही. म्हणून माळ घ्यायला आलेल्या प्रत्येकीला मी आधी विचारायचे, "मागे काय लावू?"

आमच्या वरच्या मजल्यावर शाळेतल्या एक बाई राहायच्या. सगळी इमारत त्यांना नुसतं बाई म्हणायची. त्यांच्या गळ्यात पोवळ्याची एक आखूड माळ असायची, मागे फिरकीचा फासा. एक दिवस ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या. त्यांच्या यजमानांना, म्हणजे काकांना, त्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला होता, बोलणं जड झालं होतं.

"एका हाताने लावता येईल असं काहीतरी बसव," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता स्वतःची माळ स्वतःच लावायची म्हणून विचारतायत. म्हटलं, "बाई, त्यापेक्षा लांबच करते ना. डोक्यातून घातली की झालं. फासा हवाय कशाला?"

त्या एकदम तडकल्या. "माझ्या हातांना काय धाड भरलीय? फिरकी मलाही लावता येते. लग्न झाल्यापासून शाळेत निघताना माळ हे लावतात. दूध, बिलं, बाजार, सगळं सुटलं ह्यांचं. एवढं एकच काम उरलंय, तेही तू काढून घेणार?"

मला राग आला. माझ्याच घरात येऊन मला शाळेतल्या पोरीसारखं झापणं! पण माळ ठेवून घेतली.

आधी इंग्रजी एसच्या आकाराचा आकडा लावला. एका हाताने तो कडीत अडकवायचा तर दुसऱ्या हाताने कडी धरावी लागते. मग भुलेश्वरहून स्प्रिंगची कडी आणली. तिचा खटका एवढासा, काकांच्या डाव्या अंगठ्याखाली तो यायचाच नाही. बाई त्यांच्या पुढ्यात पाठमोऱ्या बसायच्या, घड्याळाकडे न बघता. मी दारात उभी. काकांच्या कपाळावर घाम. तिसऱ्या खेपेला मी गुंडी आणि फास करून दिला, तेव्हा त्यांनी माळ जमिनीवर आपटली. तंगूस होता म्हणून एकही पोवळं निसटलं नाही. बाईंनी ती उचलली, पर्समध्ये टाकली आणि तशाच शाळेत गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी ठरवलं, आता हा नाद सोडायचा. मरो ती माळ! पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघताना मी माझी लग्नातली ठुशी गळ्यात घातली, मागचा मणी वर सरकवला आणि तशीच आरशासमोर उभी राहिले. ठुशीला फासा नसतोच. मागे दोरी असते, दोन्ही टोकं एकाच मण्यातून ओवलेली, खाली गोंडा. मणी वर सरकवला की माळ गळ्याला बसते. गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगत असे, ते जुनाट दोरीबिरी नको, हूक लावते.

दुसऱ्या दिवशी बाईंकडून माळ मागून आणली आणि मागे तशीच दोरी लावायला घेतली. मण्यानेही छळलंच. काचेचा मणी आपोआप घसरायचा, पितळेचा हलायचा नाही. शेवटी बोटांत नीट येईल असा मोठा लाकडी मणी घेतला, त्याचं भोक तापलेल्या सुईने जरा वाढवलं, दोरीला मेण चोळलं आणि वर गेले.

बाईंनी माळ डोक्यातून घातली. हात पाठीमागे नेऊन गोंडा खाली ओढून धरला. काकांनी डाव्या हाताने मणी पकडला आणि वर सरकवला. सरकवतच राहिले.

"अहो, गळा आवळताय माझा!"

काका अर्ध्या तोंडाने हसले. झटका आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. मणी त्यांनी खाली घेतला, परत वर नेला, मग बोटाने चाचपून बघितला. बाई हलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना शाळेत उशीर झाला असणार.

पुढे ती दोरी मी वरचेवर बदलत असे. केसांच्या तेलाने ती मऊ पडायची. नवरीच्या सेटांनाही मी एवढं जपलं नसेल. मणी मात्र तोच ठेवला. काकांच्या बोटांनी तो एका बाजूला काळपट, गुळगुळीत झाला होता.

दोनेक वर्षांनी काका गेले. बाई काही दिवसांनी शाळेत जायला लागल्या, गळा रिकामा. मग एका दुपारी रुमालात बांधून माळ घेऊन आल्या. मी ताट ओढलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "मागे काय लावू?"

"काही नको. डोक्यातून जाईल एवढी लांब कर."

मी मान वर केली नाही. डोळे भरले होते आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. पोवळी कमी पडणार होती, म्हणून मधे घालायला तसेच लाल काचेचे मणी काढले. दोरी कापून लाकडी मणी सोडवला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"तोही ओव," बाई म्हणाल्या. "मागेच."

मी तो मागे ओवला, गाठ मारली, उदबत्ती टेकवली.

लांब माळ गळ्यात फिरते. जिन्यात बाई भेटायच्या, गप्पा चालायच्या आणि बोलता बोलता त्यांचा हात माळेकडे जायचा. पुढे आलेला तो लाकडी मणी त्या पुन्हा मागे सरकवायच्या.