पोटाला हात लावा, डॉक्टर

मोठ्या सिस्टरांना 'गॅस' हा शब्द शिवीसारखा लागायचा. मिरजेच्या आमच्या दवाखान्यात, तातडीच्या विभागात कुणी पोट धरून आला आणि सोबतचा म्हणाला, "गॅस झालाय वाटतं," की त्या चष्म्यावरून बघायच्या. "व्हय? मग शेगडीवाल्याकडं न्यायचा. इथं कशाला आणला?"

आम्हा शिकाऊ डॉक्टरांची किंमत त्यांच्या लेखी स्ट्रेचरच्या चाकाहून कमी. चाक निदान फिरतं तरी. मी खाटेपासून दोन हात लांब उभा राहून प्रश्न विचारायचो आणि लिहायचो. एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोट लांबनं कळत न्हाई, डॉक्टर. हात लावा. आदी हात चोळून ऊन करा, गार हातानं चांगलं पोटबी आखडतं."

साताऱ्याकडचे एक माजी सैनिक आले होते. गुडघेदुखीसाठी उपाशीपोटी दुकानातल्या गोळ्या खायचे. अचानक पोटात सुरी भोसकल्यागत कळ आली, तरी निपचित पडून होते. शेजारच्या खाटेवर मुतखड्याचा एक तरुण गडबडा लोळत होता. मी त्याच्याकडे धावलो, तर सिस्टरांनी मला बाहीला धरून ओढलं. "वरडणाऱ्याला इंजेक्शन मी देते. जो हलत न्हाई, त्याच्याकडं बघा." सैनिकाचं पोट फळीसारखं कडक होतं. त्या गोळ्यांनी जठराला भोक पडलेलं. मी सर्जनना फोन लावत असताना सैनिकाच्या मुलानं विचारलं, "बाबा चहा मागत्यात, देऊ का?"

"द्या की," सिस्टर म्हणाल्या. "भोकातनं समद्या पोटात फिरंल." मुलानं कप खाली ठेवला. सैनिक ऑपरेशन होऊन घरी गेले.

पण माझी खरी अक्कल निघाली ती कुपवाडच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलीच्या वेळी. नवऱ्यानं तिला गाडीवर मध्ये बसवून आणलं होतं, मागून सासूनं धरलेलं. पोटात एकाएकी दुखून ती घरी चक्कर येऊन पडली होती. "काल भजी खाल्ली, त्येचंच हाय," सासू म्हणाली. मी कागदावर पित्ताचं इंजेक्शन लिहून मोकळा.

सिस्टरांनी मुलीची पापणी खाली ओढली, नाडी धरली. मग माझ्याकडे वळल्या. "पाळी कवा आलती, विचारलं का?"

"सासूबाई होत्या, म्हणून..."

"लाज वाटली! तिच्या पोटात रक्त सांडतंय आन् ह्यास्नी लाज वाटतीया."

त्यांनी सासूला केसपेपर काढायला पिटाळलं आणि पडदा ओढला. मुलीला दोन महिने पाळी नव्हती. आधी एकदा दिवस गेले ते टिकले नव्हते, म्हणून या वेळी घरात सांगितलं नव्हतं. गर्भ पिशवीऐवजी नळीत वाढला होता आणि नळी फुटली होती. दोन्ही हातांना सलाइन लागलं, रक्त चढवलं, तासाभरात ऑपरेशन झालं. ती वाचली. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी माझा कालचा कागद माझ्या हातात ठेवला. "जपून ठेवा. ह्याच्यावर ती मेली असती."

पुढे मी आटपाडीत दवाखाना टाकला, त्या निवृत्त होऊन मिरजेतच एकट्या राहिल्या. एका दुपारी त्यांचा फोन आला. "पोटात वरच्या अंगाला, मधोमध दुखतंय. घाम फुटलाय."

"कधीपासून?"

"अर्धा तास. दमबी लागतोय."

"सिस्टर, हे पोट नाही, हृदय असावं. बसून राहा, जिना उतरू नका, शेजारणीला हाक मारा. मी इथून अॅम्ब्युलन्स सांगतो."

"ते मला ठावं हाय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुमास्नी ठावं हाय का, ते बघत हुते."

झटका मोठा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अतिदक्षता विभागात पोचलो आणि त्यांचा हात हातात घेतला. मिनिटभर त्यांनी राहू दिला, मग काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मला एकेरीत म्हणाल्या, "आलास कशाला? तिकडं तुझ्या दवाखान्याच्या दारात बसल्यात त्येंच्याकडं कोण बघतंय? जा."

मी गेलो. तिसऱ्या दिवशी त्या गेल्याचा फोन आला, तेव्हा टेबलावर एक धनगर म्हातारा पोट उघडं टाकून झोपला होता. त्याला नीट तपासलं, औषध समजावून सांगितलं. तो बाहेर गेल्यावर मग मी दार लोटून घेतलं.