भिवातात्यांची खुंटी

चिंचपोकळीला आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तेवीस नंबरची खोली आहे. ती कुणा एकाची नाही, कणकवलीकडच्या एका अख्ख्या गावाची आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या गावचे तीस-पस्तीस पुरुष या एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. भिंतीला ओळीने लाकडी खुंट्या, एका घराला एक. ज्याच्या घराची खुंटी, त्याला खोलीत अंथरूण टाकायचा हक्क, आणि बापामागे तो लेकाला. आता गिरण्याही नाहीत आणि ती माणसंही विरार-बदलापूरला पांगली, पण गावचं मंडळ अजून भाडं भरतं. कुणी परळला डॉक्टरला दाखवायला आला की दोन दिवस राहून जातो. कायमचा राहणारा एकटा रघु.

मी शेजारी, चोवीस नंबरात. नाव नलू. एकतीस वर्षं पतपेढीत कर्जाचे अर्ज तपासले आणि पाच वर्षांपूर्वी रिटायर झाले. जामीनदाराची सही करताना माणसाचा हात कसा थबकतो ते मी इतक्या वेळा पाहिलंय, की कुणी नुसतं ‘लोन काढू’ म्हणालं तरी माझं डोकं फिरतं. त्यातून रघुसारखा शेजारी! छप्पन्न वर्षांचा झाला, लग्न नाही, पोटाला लिफ्टमनची नोकरी, आणि पाय जमिनीवर कधीच नाहीत.

दादर पूर्वेला एका सहा मजली जुन्या इमारतीत तो लिफ्ट चालवतो. तीस वर्षं स्टुलावर बसून वर जातो आणि खाली येतो. लिफ्ट बंद पेटीसारखी, बाहेरचं काही दिसत नाही. म्हणून हा बसल्या जागी स्वतःच पाहतो. तिसऱ्या मजल्यावर ह्याला गावची नदी लागते, पाचव्यावर काजूचा मोहर. एका बाईंना चौथ्यावर जायचं होतं, त्यांना ह्याने तीनदा वरखाली फिरवलं आणि त्या ओरडल्या तेव्हा म्हणाला, “सॉरी मॅडम, मी जरा होडीत होतो.”

घरी आला की खुंट्यांशी बोलायचा. बऱ्याच खुंट्यांवर गेलेल्या माणसांच्या छत्र्या आणि पिशव्या अजून लटकतायत. दुपारी गॅलरीतून ऊन आत आलं की त्यांच्या सावल्या भिंतीवर लांब होतात आणि खोलीत माणसं उभी असल्यासारखं वाटतं. रघु त्यांना दिवसाची हकिकत सांगायचा. मी भिंतीपलीकडून ओरडायचे, “रघु, भात करपतोय!” तो करपलेला असायचाच.

मागच्या वर्षी त्याच्या गावच्या दीपकची मुलगी अक्षदा बारावी झाली आणि तिला माटुंग्याच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरला नंबर लागला. दीपक कणकवलीला रिक्षा चालवतो. दर रविवारी दुपारी त्याचा रघुला फोन यायचा. रघु फोन स्पीकरवर टाकून माझ्या दारात यायचा, कारण हिशोब मला येतो. सरकारी योजनेत मुलीची फी जवळजवळ माफ झाली होती. पण मुंबई काही माफ नव्हती. कॉलेजचं हॉस्टेल आणि मेस धरून पाच वर्षांचे सहा लाख होत होते. बँकेने छापील फॉर्म देऊन ठेवला होता.

मी म्हटलं, “दीपक, सही करू नकोस. निम्मं जमव, थोडं ती शिकवण्या करून मिळवेल, उरलेल्यापुरतंच बघू.”

“ताई, निम्मां तरी खंयसून आणू?” दीपक म्हणाला.

रघु खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला इमारत दिसत होती, अक्षदाने बांधलेली. “तिच्या लिफ्टला खिडकी असेल,” तो हळूच मला म्हणाला. “वर जाताना झाडांचे शेंडे दिसतील.” मग फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, “दीपक, जागा आसा मां आपली. हॉस्टेल कित्याक? चेडवाक खोलीवर पाठव.”

दीपकने त्याच्या शब्दावर हॉस्टेलची जागा सोडून दिली आणि बँकेचा फॉर्म परत केला. मला हे आठ दिवसांनी कळलं. तोवर हॉस्टेलची यादी बंद झाली होती.

मी रघुला उभा-आडवा घेतला. “त्या खोलीत आजवर एक तरी बाई झोपलीय का? मंडळाला विचारलंस? आता बाहेर पेइंग गेस्ट ठेवायचं तर दुप्पट पैसे, म्हणजे दुप्पट कर्ज! नाहीतर पोरगी घरी बसेल. तुझ्या स्वप्नापायी!”

“मला ती तिथे बसलेली दिसली, नलूताई,” रघु एवढंच म्हणाला. “पुढ्यात मोठा कागद होता.” मला इतका राग आला की मी दार आपटलं. मग स्वतःचाच राग आला, कारण मलाही क्षणभर ती दिसली होती.

पुढच्या रविवारी मंडळाची मीटिंग तेवीस नंबरातच भरली. बारा पुरुष चटईवर, मी गॅलरीत दाराला टेकून. मला कुणी बोलावलं नव्हतं. अध्यक्ष दगडूशेठ, लालबागला त्यांचं मसाल्याचं दुकान. माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम.

“रघु, बाईमाणूस ह्या खोलीत कधी राहिलं नाय,” ते म्हणाले. “तू असताना तर शक्यच नाय.”

“मी जातंय बाहेर,” रघु म्हणाला. “आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक खोली आहे, रंगाचे डबे ठेवायची. सेक्रेटरींना विचारलंय मी.”

चाळीस वर्षं ह्या खोलीत काढलेला माणूस. हे त्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“आणि गावातून पेशंट आला तर?” कुणीतरी विचारलं.

“माझ्या बाहेरच्या खोलीत झोपेल!” मी दारातून ओरडले. “आणि पोरीची जबाबदारी माझी. लिहून घ्या हवं तर.”

दगडूशेठनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. “ते सगळं ठीक. पण खोली खुंटीवाल्यांची. दीपकच्या घराची इथे खुंटीच नाय. उद्या बिनखुंटीची दहा घरं येतील, त्यांना काय सांगू?”

मला माझ्या पतपेढीचा काऊंटर आठवला, आणि ‘नियमात बसत नाही’ म्हणणारी मी आठवले.

रघु उठला. भिंतीशी गेला. तिथे रंगाने ‘रघु’ असं नाव लिहिलेली त्याची खुंटी होती. त्याने आपली कापडी पिशवी काढली, खिशातल्या किल्लीने खुंटीच्या बुडाचा रंग खरवडला. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली लाकूड, आणि लाकडात खिळ्याने कोरलेलं अक्षर. भि.

“ही माझी नाय,” तो म्हणाला. “भिवातात्यांची. दीपकच्या बापाची.”

मग त्याने सांगितलं. तो आजोळी वाढलेला, त्याच्या बापाचं घर दुसऱ्या गावचं, म्हणून त्याच्या नावाची खुंटी इथे नव्हतीच. सोळाव्या वर्षी आला तेव्हा त्याला परत पाठवायला निघाले होते. तेव्हा भिवातात्यांनी आपली पिशवी काढून खाली ठेवली आणि म्हणाले, “माझी पिशवी भुईवर ऱ्हवांदे. पोराक खुंटी व्हयी.” तात्या पुढे नऊ वर्षं त्या खोलीत राहिले, पिशवी भुईवर ठेवूनच. ते वारल्यावर भिंत रंगवली, आणि रंगाऱ्याने खुंटीला ज्याची पिशवी होती त्याचं नाव लिहिलं.

“इतकी वर्षं बोलला का नाहीस?” दगडूशेठनी विचारलं.

“बोललो असतो तर मला घर नव्हतं,” रघु म्हणाला. “आज बोलतंय.”

दगडूशेठ उठून खुंटीपाशी गेले आणि त्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग वही उघडली, एक नाव खोडलं, एक लिहिलं. कुणी हात वर करून मत दिलं नाही, तशी वेळच आली नाही. मी घरात जाऊन चहा टाकला आणि साखर घालायची विसरले. बाराही जण तसाच प्यायले.

अक्षदा आली ती एक पिशवी आणि कागदांची लांब नळी घेऊन. आता तिचे मोठमोठे कागद चटईवर पसरलेले असतात, चाळीतल्या दोन मुलांना ती गणित शिकवते, आणि मी भिंतीपलीकडून ओरडते, “अक्षदा, भात करपतोय!” तोही करपलेलाच असतो. दीपकने लोन काढलं, नाही असं नाही. एक लाख, कॉम्प्युटरपुरतं. तो अक्षदाला सोडायला आला तेव्हा अर्ज मी तपासला. सही करताना त्याचा हात थबकला नाही.

रघु गच्चीवर राहतो. म्हणतो, डब्यांना रंगाचा वास आहे, पण सकाळी फाइव्ह गार्डनची झाडं वरून दिसतात, अगदी शेंडे. दर रविवारी बांगडे घेऊन येतो. पहिल्या रविवारी आला तेव्हा पाहुण्यासारखा दारातच उभा राहिला, पिशवी हातात धरून.

“काका, आत या ना. पिशवी लावा.”

त्याने भिंतीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. अक्षदाची पिशवी तिच्या बरोबर खाली, भुईवर ठेवलेली होती.

“अगो, तुझी...”

“माझी भुईवर ऱ्हवांदे,” ती म्हणाली. “बाबांनी सगळं सांगितलंय मला.”

रघुने पिशवी खुंटीला लावली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही, पुसायचं कशाला? जेवून तो खुंटीखाली आडवा झाला, आणि भिंतीवरच्या त्या लांब सावल्यांत झोपून गेला. चार वाजता त्याची ड्युटी होती. मी त्याला उठवलं नाही.