काशीगाव ते मीरा रोड, मध्ये आईची चतुर्थी

लडाख झालं, हंपी झालं. या वेळचा प्रवास काशीगाव ते मीरा रोड. हसू नका! माझ्या लग्नाची पहिली पत्रिका नसीमखालांना द्यायची, असं आईनं ठरवलं आणि चार दिवस नुसतं टाळलं.

पेणकरपाड्याच्या चाळीत आमची आणि खालांची भिंत एकच होती. आई पहाटे चारला पाणी भरायला उठायची. रमजानमध्ये तेव्हाच लाटण्यानं भिंत ठोकून खालांना सहेरीला उठवायची. मग चाळ पाडली, घरं लांब गेली. दोन वर्षांपूर्वी गावात वातावरण तापलं आणि लोक काय म्हणतील म्हणून आईनं खालांचा फोन उचलला नाही. एकदा नाही, तीनदा. तेव्हापासून बोलणं बंद.

"दार उघडलं न्हाय तं?" आई म्हणाली.

"तर दारात पत्रिका ठेवून येऊ. चल आता!"

संध्याकाळी पाचला निघालो. जाणार असाल तर बसची वाट बघत बसू नका, सरळ शेअर रिक्षा पकडा. स्टेशनजवळच्या बाजारात रमजानची झुंबड होती. मी गरम समोसा हाणला, तुम्हीही खा. आईचा संकष्टीचा उपवास. तिनं खजूर आणि कलिंगड घेतलं, तेही भाव न करता. म्हणजे बाई चांगलीच धास्तावली होती.

तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार खालांनीच उघडलं. आईनं घाईघाईनं पत्रिका पुढे केली आणि अक्षता उंबऱ्यावर सांडल्या.

"माझं चुकलं गं, नसीम."

खालांनी खाली बसून एकेक अक्षत वेचली. "अंदर आ पहले. आज चतुर्थी ना तुझी? तोंड बघ किती सुकलंय!"

अजान झाली. खालांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायल्या, नमाज पढल्या आणि आमच्यासाठी बिनकांद्याचं वरण लावलं. घरचे जेवले, या काही ताटावर बसेनात.

"अगं जेव ना, तुझा रोजा सुटला!" आई ओरडली.

"तेरा चाँद निकलने दे. इतने साल बाद आयी है, मी एकटी जेवू?"

नऊ वाजले तरी टॉवरांच्या गर्दीत चंद्राचा पत्ता नाही. मग अख्खा मजला गच्चीवर! शेजारचे चाचा सगळ्यात आधी ओरडले, "वो रहा, टंकी के पीछे!" ईदचा चंद्र हुडकणारी नजर ती, चुकेल कशी? आईनं हात जोडले आणि मला माझ्या गावाचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! मग दोघी एकाच ताटात जेवल्या. निघताना खाला म्हणाल्या, "हल्दी को मैं सुबह से आऊँगी."

लडाखहून मी फोटो आणले होते, इथून एकही नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे चारला ठकठक ऐकून दचकून उठले. आई स्वयंपाकघरात उभी होती. एका हातानं फोन भिंतीला लावलेला, दुसऱ्या हातानं लाटणं ठोकत होती.

फोनमधून खालांचं हसू ऐकू आलं. "उठी रे बाबा, उठी!"